ब्लास्टहोल ड्रिलच्या रोटरी हेडमधील रोलर बेअरिंग बदलण्याची पद्धत

खुल्या कोळसा खाणीत किंवा मोठ्या दगडखाणीत सुरुंगाची भोके पाडणाऱ्या रोटरी ड्रिलमध्ये रोलर बेअरिंगे अनेक ठिकाणी असतात. मास्टच्या (ड्रिलच्या उभ्या मनोऱ्याच्या) माथ्यावरील पुल्या, फीड चेनचे स्प्रॉकेट, कॉम्प्रेसर, धूळ ओढणारा ब्लोअर आणि क्रॉलरचे फायनल ड्राइव्ह या सर्वांमध्ये ती आढळतात. परंतु ज्या बेअरिंगामुळे संपूर्ण यंत्र बंद पडते आणि जे बदलताना सर्वाधिक चुका होतात, ते रोटरी हेडच्या (रॉड फिरवणाऱ्या भागाच्या) स्पिंडलवरील, म्हणजे मुख्य शाफ्टवरील बेअरिंग होय. म्हणून येथे त्याच कामाची पद्धत सविस्तर दिली आहे. उरलेल्या ठिकाणी हीच तत्त्वे लागू पडतात, फक्त मापे लहान होतात. हातात धरून चालवायच्या साध्या जॅकहॅमरचा येथे विचार केलेला नाही, कारण त्याच्या फिरत्या भागांना मुख्यतः साध्या बुशांचाच आधार असतो.

नवे बेअरिंग कोणत्या कंपनीचे आहे यावर कार्यशाळेत पुष्कळ चर्चा होते. ती चर्चा निरर्थक नाही, पण बेअरिंगाचे आयुष्य मुख्यतः दोन मापांवर ठरते, असे माझे स्पष्ट मत आहे. पहिले माप म्हणजे शाफ्ट आणि हाऊसिंग यांवरील बैठकीची घट्टाई आणि दुसरे म्हणजे जोडणी पूर्ण झाल्यावर उरलेला एंड प्ले, म्हणजे शाफ्टची लांबीच्या दिशेने सरकण्याची मोकळीक. ही दोन मापे न घेता बसवलेले उत्तम प्रतीचे बेअरिंगही काही महिन्यांत पुन्हा उघडावे लागते.

रोटरी हेडवर नेमका काय ताण येतो

ट्रायकोन बिटने (तीन फिरत्या दातेरी शंकूंच्या टोकाने) २५० मिलिमीटर व्यासाचे भोक पाडणाऱ्या ड्रिलमध्ये रोटरी हेड संपूर्ण रॉड फिरवते आणि त्याच वेळी फीड यंत्रणेचा दाब बिटपर्यंत पोहोचवते. मोठ्या यंत्रांवर हा दाब वीस टनांच्या पुढे जातो. भोक पाडताना खडकाची प्रतिक्रिया स्पिंडलला वर ढकलते आणि रॉड वर ओढताना जोडलेल्या सर्व रॉडचे वजन त्याला खाली खेचते. त्यामुळे स्पिंडलला दोन्ही दिशांनी आधार द्यावा लागतो. बहुतेक रचनांमध्ये हे काम समोरासमोर किंवा पाठीला पाठ लावून बसवलेली टेपर रोलर बेअरिंगांची जोडी करते. काही रचनांमध्ये त्यासाठी स्वतंत्र थ्रस्ट रोलर बेअरिंग असते.

फिरण्याचा वेग मात्र कमी असतो. साधारणपणे मिनिटाला साठ ते सव्वाशे फेऱ्यांच्या आसपास तो राहतो. या कमी वेगामुळे एक गोष्ट सहज नजरेआड होते. वेग कमी असल्यामुळे रोलर आणि रेस (रोलर ज्यावर फिरतात ते कडे) यांच्यामधील तेलाचा थर पातळ बनतो. भार जास्त आणि थर पातळ अशा स्थितीत तेलातून आलेला धुळीचा एक कणही सरळ रेसमध्ये रुततो. वर्धा खोऱ्यातील कोळशावरचा वालुकाश्म असो वा एखाद्या धातूखाणीतील क्वार्ट्झयुक्त खडक असो, ड्रिलच्या धुळीत क्वार्ट्झ असतोच आणि क्वार्ट्झ बेअरिंगाच्या पोलादापेक्षा कठीण असतो. रोटरी हेड निकामी होण्याच्या कारणांचा शोध घेताना पहिला संशय ऑइल सील आणि ब्रीदर (हेडमधील हवा आत-बाहेर जाण्याची वाट) यांवर घ्यावा, तो यासाठीच.

भार आणि आयुष्य यांचे नातेही लक्षात ठेवावे. रोलर बेअरिंगाचे मूलभूत आयुष्य हे क्षमता भागिले प्रत्यक्ष भार, या गुणोत्तराच्या दहा-तृतीयांश घातावर ठरते. मिनिटाला ८० फेऱ्यांनी चालणाऱ्या स्पिंडलच्या दहा लाख फेऱ्या सुमारे २०८ तासांत पूर्ण होतात. क्षमता भाराच्या चौपट असेल तर गणिताने सुमारे २१ हजार तास मिळतात. भार दुप्पट झाला तर तेच तास सुमारे २१०० वर येतात, म्हणजे जवळजवळ दहावा हिस्सा. हे आकडे म्हणजे शंभरातील नव्वद बेअरिंगे गाठतील असे आयुष्य होय आणि तेही स्वच्छ तेल व योग्य जोडणी गृहीत धरून. बोथट झालेला बिट न बदलता फीडचा दाब वाढवत नेणारा ऑपरेटर बेअरिंगाचे किती तास खर्च करतो, हे या एका उदाहरणावरून कळावे.

बेअरिंगच खराब आहे का, याची खात्री

खडखडाट ऐकू आला की हेड उघडण्याची घाई करू नये. वाकलेला रॉड, झिजलेला शॉक सब (धक्के शोषणारा जोड), ढिले झालेले मार्गदर्शक पॅड किंवा तुटलेला गिअरचा दात यांचे आवाजही बेअरिंगासारखेच भासतात. प्रथम रॉड काढून हेड रिकामे फिरवावे. आवाज नाहीसा झाला तर दोष बहुधा खाली आहे. तो तसाच राहिला तर गिअरबॉक्सचा चुंबकीय प्लग काढून पाहावा. प्लगवर काळसर, लोण्यासारखा बारीक लेप असणे ही नित्याची झीज आहे; चमकदार, पापुद्र्यासारखे तुकडे दिसले तर रेसचा पृष्ठभाग सुटू लागला आहे असे समजावे. पितळी रंगाचे कण दिसल्यास रोलरांना अंतरावर धरणारा पिंजरा घासत आहे.

त्यानंतर डायल गेजने एंड प्ले मोजावा. गेजचा तळ हाऊसिंगवर चुंबकाने बसवून टोक स्पिंडलच्या खालच्या फ्लँजवर शक्य तितके मध्याजवळ टेकवावे, स्पिंडल जॅकने वर उचलावे, मग जॅक सोडावा आणि दोन्ही स्थितींतील फरक लिहून ठेवावा. हे माप यंत्राच्या मॅन्युअलमधील मर्यादेशी ताडून पाहावे. आधीच्या मापांच्या नोंदीही असतील तर आणखी चांगले, कारण एका मापापेक्षा मापांची चढती रांग अधिक सांगते.

नवे बेअरिंग निवडताना

जुन्या बेअरिंगवरील क्रमांक पूर्ण उतरवून घ्यावा, अर्धवट नव्हे. २२२२० या क्रमांकाचे उदाहरण घेऊ. शेवटचे दोन अंक पाचाने गुणले की आतील व्यास मिळतो, म्हणजे १०० मिलिमीटर. बाहेरील व्यास १८० आणि रुंदी ४६ मिलिमीटर. सुरुवातीचे २२२ हे अंक स्फेरिकल रोलर प्रकार आणि मापांची मालिका सांगतात. परंतु स्टोअरमधून चुकीचे बेअरिंग येते ते या पाच अंकांमुळे नव्हे, तर पुढच्या अक्षरांकडे दुर्लक्ष केल्यामुळे. के हे अक्षर असल्यास आतील भोक १:१२ निमुळते असते आणि असे बेअरिंग सरळ शाफ्टवर बसतच नाही. डब्ल्यू३३ म्हणजे बाहेरील रेसवर तेलाची खाच आणि तीन छिद्रे. सी३ म्हणजे नेहमीपेक्षा जास्त अंतर्गत अंतर, म्हणजे रोलर आणि रेस यांच्यामधील मोकळी फट.

सी३ ही केवळ एक खूण नसून त्यामागे प्रत्यक्ष माप आहे. १०० मिलिमीटर भोकाच्या सरळ बोअरच्या स्फेरिकल रोलर बेअरिंगात साधारण श्रेणीचे अंतर ०.०६० ते ०.१०० मिलिमीटर असते, तर सी३ मध्ये ते ०.१०० ते ०.१३५ मिलिमीटर असते. शाफ्टवर घट्ट बसल्यावर आतील रेस फुगते आणि हे अंतर घट्टाईच्या सुमारे ७० ते ८० टक्क्यांनी कमी होते. मूळ यंत्रात सी३ असताना साधारण श्रेणीचे बेअरिंग बसवले तर गरम झाल्यावर अंतर शून्याकडे जाऊ शकते आणि मग बेअरिंग आतून स्वतःलाच दाबू लागते. याउलट साध्या बेअरिंगाच्या जागी सी३ घातल्यास बहुतेक वेळा लगेच काही बिघडत नाही, पण थोड्या रोलरांवर जास्त भार येतो. म्हणून अक्षरे बदलण्याचा निर्णय फिटरने किंवा स्टोअरने न घेता अभियंत्याने लेखी घ्यावा.

टेपर रोलर बेअरिंगाचे कप (बाहेरील रेस) आणि कोन (रोलरांसह आतील रेस) वेगवेगळ्या कंपन्यांचे एकत्र करू नयेत आणि जुन्या कपात नवा कोन कधीही घालू नये. स्पिंडलवरील जोडीपैकी एकच बेअरिंग खराब दिसले तरी दोन्ही बदलावीत. हेड पुन्हा उतरवण्याचा खर्च दुसऱ्या बेअरिंगाच्या किमतीपेक्षा नेहमीच जास्त असतो. धक्क्याच्या भारासाठी पृष्ठभागावर कठीण आणि गाभ्यात चिवट असे कार्बुराइझ केलेले पोलाद वापरलेली बेअरिंगे अधिक टिकाऊ ठरतात, त्यामुळे मूळ यंत्रात तशी असतील तर त्यात तडजोड करू नये.

बनावट मालाचा प्रश्न या बाजारात खरा आहे. चिंचवडचा एसकेएफ, वडोदऱ्याचा शेफलर, जमशेदपूरचा टिमकेन, जयपूरचा एनबीसी असे मोठे उत्पादक भारतातच असल्यामुळे अधिकृत विक्रेत्याकडून माल मिळवणे अवघड नाही. तरीही तातडीच्या वेळी खोक्यावरचे नाव पाहून बाजारातून उचलण्याचा मोह होतो. पेटीवरील कोड तपासण्यासाठी काही उत्पादकांचे मोबाइल अ‍ॅप आहेत, ते वापरावे. किंमत संशयास्पदरीत्या कमी असणे, अंक खोदल्याऐवजी पुसट छापलेले असणे, एकाच पेटीतील बेअरिंगांवरील खुणा जुळत नसणे या गोष्टी दिसल्यास माल परत करावा.

हेड उतरवण्यापूर्वी

यंत्र सपाट जागेवर आणून जॅकवर समतोल करावे आणि मॅन्युअलमध्ये सांगितल्याप्रमाणे मास्ट आडवा करून त्याच्या आधारावर टेकवावा. इंजिन किंवा मुख्य मोटर बंद करून कुलूप लावावे व चावी काम करणाऱ्याने स्वतःजवळ ठेवावी. कॉम्प्रेसरच्या रिसिव्हरमधील हवा पूर्ण सोडावी, हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरचा दाब शून्य झाल्याचे गेजवर पाहावे आणि हेड फीड चेनवर लटकते न ठेवता पिन किंवा आधाराने अडकवावे. खाण सुरक्षेच्या लागू कायद्यानुसार व विनियमांनुसार असे काम सक्षम व्यक्तीच्या देखरेखीखाली व्हावे लागते. घाईच्या शिफ्टमध्ये हा भाग कागदापुरता उरतो, पण चेनवर सोडलेल्या हेडखाली हात घालणे हा या कामातील सर्वांत मोठा धोका आहे.

उघडण्यापूर्वी हेड बाहेरून पूर्ण धुवून वाळवावे. धुताना पाण्याचा जोराचा झोत ऑइल सीलवर किंवा ब्रीदरवर थेट मारू नये. खोलण्याचे काम खाणीच्या काठावर, ड्रिलच्या शेजारी करण्याचा हट्ट धरू नये. हेड कार्यशाळेत आणावे. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हाच्या झळांत आणि उडत्या धुळीत ताडपत्री लावून केलेली जोडणी स्वच्छ राहू शकत नाही. पावसाळ्यात तर उघड्या शाफ्टवर एका रात्रीत गंज चढतो.

काढताना

प्रत्येक कव्हर, शिमचा (मोकळीक ठरवणाऱ्या पातळ चकत्यांचा) संच आणि कप यांवर काढण्यापूर्वी रंगाने खूण करावी. शिमचा संच वेगळ्या पिशवीत ठेवून त्याची एकूण जाडी मायक्रोमीटरने मोजावी. पुढे जुन्या शिम आंधळेपणाने परत घालायच्या नाहीत, पण त्यांच्या जाडीवरून आधीच्या जोडणीचा अंदाज येतो.

पुलरचे पाय नेहमी घट्ट बसलेल्या रेसवर लावावेत. आतील रेस शाफ्टवर घट्ट असताना बाहेरील रेस ओढली तर संपूर्ण जोर रोलरांतून जातो आणि रेसवर खड्डे पडतात. जुने बेअरिंग पुन्हा वापरायचे नसले तरी ही खबरदारी घ्यावी, नाहीतर ते का बिघडले हे त्यावरून ओळखता येणार नाही. घट्ट अडकलेली रेस ग्राइंडरने जवळजवळ आरपार कापून शेवटचा पातळ भाग छन्नीने फोडता येतो. मात्र ग्राइंडरची चकती शाफ्टला लागता कामा नये. बेअरिंगवर गॅसची ज्योत धरण्याची सवय पूर्णपणे सोडावी, कारण त्यात शाफ्टचा कठीणपणाही जातो.

उतरवलेले बेअरिंग भंगारात न टाकता पुसून टेबलावर ठेवावे आणि नीट पाहावे. कामाचा हा भाग घाईत वगळला जातो, पण पुढची सर्व दुरुस्ती त्यावर अवलंबून असते. रेसवर रोलरांच्या अंतराइतक्या अंतरावर दबलेल्या खुणा असतील तर मोठा धक्का बसला आहे किंवा बसवताना हातोडा मारला गेला आहे. तशाच अंतरावर पण तांबूस भुकटी असलेल्या उथळ खुणा दिसल्या तर बेअरिंग फिरत नसताना, उदाहरणार्थ यंत्र ट्रेलरवरून दूर नेताना, कंपन सोसत राहिले आहे. संपूर्ण मार्गावर करडा, मंद पृष्ठभाग दिसणे हे धुळीचे किंवा पातळ तेलाचे लक्षण. भाराची पट्टी रेसच्या एका बाजूला तिरकी गेली असेल तर शाफ्ट व हाऊसिंग एका रेषेत नाहीत. आतील रेसच्या भोकात तपकिरी डाग आणि चकचकीत घासलेली जागा असेल तर ती शाफ्टवर सरकत होती.

रेसवर आडव्या, समान अंतराच्या बारीक पट्ट्या दिसल्या तर बेअरिंगातून विजेचा प्रवाह गेला आहे. डिझेलच्या यंत्रात हे कसे होईल असे वाटते, पण उत्तर साधे असते: मास्टवर वेल्डिंग करताना अर्थची पकड क्रॉलरला लावली जाते आणि प्रवाह वाटेत रोटरी हेडमधून जातो. हेड थांबलेले असेल तर पट्ट्यांऐवजी काही ठिकाणी वितळल्यासारखे खड्डे दिसतात. मास्टवरील प्रत्येक वेल्डिंगच्या वेळी अर्थची पकड वेल्डच्या अगदी जवळ लावण्याचा नियम कार्यशाळेच्या भिंतीवर लिहून ठेवावा.

शाफ्ट आणि हाऊसिंगची मापे

शाफ्टवरील बैठक तीन जागी आणि प्रत्येक जागी चार दिशांनी मायक्रोमीटरने मोजावी. एकाच जागी एकदा मोजून निर्णय घेतला तर लंबवर्तुळाकार किंवा निमुळती झीज कळत नाही. मॅन्युअलमध्ये शाफ्टसाठी एम६ ही श्रेणी दिली असेल तर १०० मिलिमीटरच्या शाफ्टचे माप १००.०१३ ते १००.०३५ मिलिमीटरच्या दरम्यान हवे. बेअरिंगाचे भोक साधारण अचूकतेच्या श्रेणीत १०० पासून ९९.९८० मिलिमीटरपर्यंत असू शकते. म्हणजे घट्टाई ०.०१३ ते ०.०५५ मिलिमीटर येते. शाफ्ट ९९.९९ भरला तर एखादे बेअरिंग हाताने आत सरकेल, आणि हाताने सरकणारी आतील रेस भाराखाली फिरणारच.

अशा शाफ्टवर सेंटर पंचाचे ठोके मारून तो 'वाढवण्याची' पद्धत अनेक ठिकाणी दिसते. पंचाने उठलेली टोके बसवताना चेपतात, काही पाळ्यांत सपाट होतात आणि रेस पुन्हा सरकू लागते. पत्र्याची पट्टी घालणे त्याहून वाईट, कारण त्यामुळे रेस वाकडी बसते. अल्प झीज असेल आणि अभियंत्याने मान्यता दिली असेल तर रिटेनिंग कंपाउंड (रेस शाफ्टला चिकटवून धरणारा द्रव) चालू शकते. जास्त असेल तर धातूचा लेप देऊन किंवा स्लीव्ह घालून शाफ्ट घासून मापात आणावा, अन्यथा नवा घ्यावा.

हाऊसिंगचा बोअर (आतील भोक) गेजने तपासावा. १८० मिलिमीटरच्या एच७ बोअरचे माप १८०.००० ते १८०.०४० मिलिमीटर असावे. बोअर लंबवर्तुळाकार झाला असल्यास बाहेरील रेस दोन बाजूंनी दाबली जाते आणि अंतर कमी होते. शाफ्टच्या खांद्याचा वळसा बेअरिंगाच्या कडेच्या वळशापेक्षा लहान आहे याची खात्री करावी, नाहीतर रेस खांद्याला टेकण्याआधी वळशावरच अडकते. ऑइल सील चालते त्या जागी नखाला लागणारी खाच पडली असेल तर नवे सीलही गळणार; तेथे पातळ वेअर स्लीव्ह बसवावी.

बसवताना

टेबल, हात आणि अवजारे स्वच्छ करावीत. धागे सुटणारे सुती बोळे वापरू नयेत. नवे बेअरिंग बसवण्याची वेळ येईपर्यंत त्याचे वेष्टन उघडू नये आणि त्यावरील संरक्षक तेल सहसा धुवून काढू नये. भोक आणि बाहेरील पृष्ठभाग तेवढे पुसावेत.

स्फेरिकल रोलर बेअरिंग असल्यास आधी टेबलावर उभे करून त्याचे अंतर फीलर गेजने मोजावे. बाहेरील रेस टेबलावर टेकलेली असते आणि आतील रेस खालच्या रोलरांवर बसते, म्हणून फट वर मिळते. काही वेळा फिरवून रोलर जागेवर आणल्यानंतर सर्वांत वरच्या रोलर आणि बाहेरील रेस यांच्यामध्ये पाती सरकवावी आणि दोन्ही ओळींवर हेच करावे. शाफ्टवर बसल्यावर मात्र फट खाली जाते, कारण आता बाहेरील रेस लटकते. तेथे खालच्या रोलरजवळ पुन्हा माप घ्यावे. या दोन मापांतील फरक अपेक्षेपेक्षा जास्त निघाला तर शाफ्ट अधिक मोठा आहे.

आतील रेस किंवा कोन तापवण्यासाठी इंडक्शन हीटर वापरावा आणि तापमान सुमारे ११० अंश सेल्सिअसपर्यंत न्यावे. १२० च्या वर जाऊ नये. ३२ अंशांच्या शेडमध्ये ११० पर्यंत तापवल्यावर १०० मिलिमीटरचे भोक सुमारे ०.०९ मिलिमीटरने वाढते आणि वर काढलेल्या सर्वाधिक घट्टाईपेक्षा हे पुरेसे आहे. हीटरला विचुंबकन असेल तर ते चालवूनच बेअरिंग काढावे, नाहीतर चुंबकीय रेस धातूचे कण ओढून धरते. तेलाच्या भांड्यात तापवण्याची वेळ आलीच तर बेअरिंग तळाला न टेकवता जाळीवर ठेवावे.

तापलेला कोन कोरड्या, स्वच्छ हातमोज्यांनी धरून एका दमात खांद्यापर्यंत सरकवावा. मध्येच अडकला तर हातोडा न मारता लगेच ओढून काढावा आणि पुन्हा तापवावा. थंड होताना रेस रुंदीतही आकुंचन पावते आणि खांद्यापासून किंचित मागे येते. म्हणून लॉकनट लावून ती थंड होईपर्यंत दाबून ठेवावी. थंड झाल्यावर खांदा आणि रेस यांच्यामध्ये ०.०३ मिलिमीटरची पाती चारी बाजूंनी घालून पाहावी. ती कोठेही आत जाता कामा नये. कप हाऊसिंगमध्ये बसवताना हाऊसिंग किंचित गरम करावे किंवा कप थंड करावा. थंड केलेल्या कपावर दव धरते, म्हणून तो लगेच तेलाने पुसावा.

शिमने एंड प्ले बसवणे

टेपर रोलर जोडीत संपूर्ण कामाचे यश या टप्प्यावर ठरते. कव्हर प्रथम शिमशिवाय लावावे. स्पिंडल हाताने सतत फिरवत राहून कव्हरचे बोल्ट आडव्या जोड्यांनी हळूहळू, हलक्या जोराने आवळावेत. फिरवणे अत्यावश्यक आहे: न फिरवता आवळल्यास टेपर रोलर कोनाच्या मागच्या कडेला नीट टेकत नाहीत आणि मोजलेली फट खोटी येते. स्पिंडलला हलका अडथळा जाणवला की थांबावे. कव्हरचा फ्लँज आणि हाऊसिंग यांच्यामधील फट चार जागी फीलरने मोजावी.

समजा मापे ०.६०, ०.६३, ०.६४ आणि ०.६१ मिलिमीटर आली. त्यांची सरासरी ०.६२ होते. सर्वांत मोठे आणि सर्वांत लहान माप यांतील फरक ०.०४ आहे, म्हणजे कव्हर सरळ आहे, ०.०५ हून अधिक फरक आला असता तर बोल्ट ढिले करून पुन्हा आवळावे लागले असते. ०.६२ जाडीच्या शिम घातल्या तर प्ले शून्य राहील. मॅन्युअलमध्ये ०.०८ मिलिमीटर एंड प्ले मागितला असेल तर ०.७० च्या शिम लागतील, म्हणजे ०.५० आणि ०.२० अशा दोन. प्रीलोड (मोकळीक न ठेवता आधीच दिलेला दाब) मागितला असेल तर तेवढी जाडी ०.६२ मधून वजा करावी. शिमच्या जोडीला कागदी गॅस्केट घालू नये. ते बोल्टखाली दबते आणि माप कालांतराने बदलते.

शिम घालून कव्हर मॅन्युअलमधील टॉर्कने आवळल्यावर डायल गेजने एंड प्ले पुन्हा मोजावा, आधीसारखाच स्पिंडल वर-खाली करून. अपेक्षित ०.०८ च्या जागी ०.०७ किंवा ०.०९ आले तर चालेल, ०.०२ आले तर कपांची बैठक आणि शिमची जाडी पुन्हा तपासावी. प्रीलोड असलेल्या रचनेत एंड प्ले मोजता येत नाही, तेथे फिरण्याचा अडथळा मोजावा. फ्लँजवर मध्यापासून ३०० मिलिमीटरवर स्प्रिंग काटा अडकवून स्पिंडल एकसारखे ओढावे. काटा चार किलो दाखवत असेल तर टॉर्क सुमारे ११.८ न्यूटन-मीटर होतो. हे माप सील बसवण्यापूर्वी घ्यावे, कारण सीलचा अडथळा त्यात मिसळतो.

सील, तेल आणि पहिली धाव

सीलच्या ओठांना तेल लावून ते योग्य मापाच्या रिंगनेच दाबावे. ब्रीदर नवा लावणे किंवा निदान पूर्ण स्वच्छ करणे विसरू नये. बंद ब्रीदरमुळे गरम हेडमध्ये दाब वाढतो, तेल सीलमधून बाहेर येते आणि हेड थंड होताना त्याच वाटेने धूळ आत ओढली जाते. गिअर तेलाची श्रेणी मॅन्युअलप्रमाणे घ्यावी. ईपी (जास्त दाब सोसणाऱ्या) प्रकारातील २२० किंवा ३२० या घट्टपणाच्या श्रेणींपैकी कोणते, हे उन्हाळ्यातील तापमान पाहूनच ठरवलेले असते. ज्या बेअरिंगांना ग्रीस लागते तेथे मोकळ्या जागेच्या एक-तृतीयांश ते निम्मी भरावी. पुढील ग्रीसिंगसाठी बाहेरील व्यास गुणिले रुंदी गुणिले ०.००५ हे सूत्र उपयोगी पडते. २२२२० साठी त्यातून सुमारे ४१ ग्रॅम निघतात. ग्रीस गनचे एक दाब किती ग्रॅम देते, हे एकदा तराजूवर मोजून ठेवावे. लिथियम ग्रीसमध्ये पॉलियुरिया किंवा बेंटोनाइटची ग्रीस मिसळू नये.

हेड बसवून झाल्यावर रॉडशिवाय कमी वेगाने अर्धा तास फिरवावे आणि दर दहा मिनिटांनी हाऊसिंगचे तापमान मोजावे. तापमान काही वेळ वाढून मग स्थिर होणे अपेक्षित आहे. ते सतत वाढत असेल किंवा सभोवतालच्या हवेपेक्षा ४० अंशांहून अधिक चढत असेल तर थांबून शिमचे माप पुन्हा तपासावे. त्यानंतर उलट दिशेने फिरवावे, नंतर मऊ थरात कमी फीडने एक-दोन भोके पाडावीत आणि मगच पूर्ण दाब द्यावा. पहिले तेल नेहमीच्या मुदतीआधी, मॅन्युअलमध्ये दिलेल्या सुरुवातीच्या तासांनंतर, गरम असतानाच काढावे आणि चुंबकीय प्लग पाहावा.

यंत्राच्या कार्डावर तास मीटरचे वाचन, बेअरिंगाचा पूर्ण क्रमांक अक्षरांसह, शाफ्ट व बोअरची मापे, शिमची जाडी, जोडणीनंतरचा एंड प्ले आणि उतरवलेल्या बेअरिंगावर दिसलेली खूण एवढ्या गोष्टी लिहाव्यात. उतरवलेले बेअरिंग तेल लावून, पिशवीत बांधून, कार्डाच्या क्रमांकासह स्टोअरमध्ये ठेवावे; पुढचे हेड त्याच कारणाने उघडले तर दोन्ही शेजारी ठेवून पाहता येतात.